न उघडलेल्या गुंडाळीचा इस्नाद

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात हर्क्युलेनियम हे रोमन शहर गाडले गेले. अठराव्या शतकात तिथल्या एका प्रासादात पपायरसच्या शेकडो गुंडाळ्या सापडल्या. सगळ्यांचा कोळसा झालेला. उलगडायला गेले की चुरा. त्यामुळे अनेक गुंडाळ्या बंदच राहिल्या.

अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या ब्रेंट सील्स यांनी दुसरी वाट धरली. गुंडाळी उघडायचीच नाही. क्ष-किरणांनी तिचे आतून चित्र घ्यायचे. २०१९ मध्ये इंग्लंडच्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर काही गुंडाळ्या स्कॅन झाल्या. हाती आला तो आकड्यांचा एक ठोकळा. त्यातून पपायरसचा एकेक वेढा वेगळा काढणे, म्हणजे सेगमेंटेशन, हे खरे कष्टाचे काम.

इथे पायथॉन कामी येते. ठोकळा नमपायच्या त्रिमितीय ॲरेत भरायचा, मॅटप्लॉटलिबने एकेक काप दाखवायचा आणि त्यावर वेढ्याची रेषा रंगवायची. पुढे लोरेन्सन आणि क्लाइन यांच्या १९८७ च्या ‘मार्चिंग क्यूब्ज’ पद्धतीने पृष्ठभागाची जाळी करून ती सर्व बाजूंनी फिरवून पाहता येते. हा केवळ देखावा नव्हे. रेषा चुकून शेजारच्या वेढ्यावर गेली, तर दोन वेगळ्या स्तंभांतली अक्षरे एका ओळीत येतील आणि कुणीच न लिहिलेले वाक्य तयार होईल. ती चूक आकड्यांच्या रांगांत दिसत नाही, चित्रात दिसते.

शाईही कोळशाचीच, म्हणून ती शोधायला मशीन लर्निंग लागले. ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्याला ‘पोर्फिरास’ (जांभळा) हा ग्रीक शब्द सापडल्याचे ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झाले. मूळच्या इजिप्तच्या युसूफ नादेर यांनाही स्वतंत्रपणे तोच शब्द दिसला. फेब्रुवारी २०२४ मध्ये या दोघांना आणि ज्युलियन शिलिगर यांना मिळून ७ लाख डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. वाचली गेलेली अक्षरे २,००० हून अधिक.

हदीसशास्त्रात मजकुरासोबत इस्नाद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, तपासतात. दोन रावी स्वतंत्रपणे तेच सांगत असतील तर रिवायतीला बळ येते. मला इथे तोच न्याय दिसतो. स्कॅन, वेढ्याची रेषा, शाईचा अंदाज, ग्रीक जाणकाराचे वाचन, ही या मजकुराची साखळी. विजेत्यांचा कोड खुला असल्याने तिची प्रत्येक कडी कुणालाही तपासता येते. यंत्राने वाचलेला इतिहास आता वाढतच जाणार. तो मान्य करण्यापूर्वी नुसते भाषांतर नको, रंगवलेले कापही दाखवा, असा आग्रह वाचकांनी धरला पाहिजे.