लिफ्ट उचलत नाही? जुन्या ट्रॅक्टरचा पंप खोलण्याआधी एवढं तपासा

धाराशिव जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला ज्वारी-हरभरा. दोन्ही पेरण्यांचं गणित वापशावर चालतं. जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, अशी अवस्था मोजकेच दिवस टिकते. नेमका त्याच दिवसांत घरचा जुना ट्रॅक्टर दगा देतो. इंजिन चालू होतं, गाडी पळते, पण मागचं पेरणी यंत्र जमिनीवरून हलत नाही. बघणारा प्रत्येक जण सांगतो, "पंप गेला."

खरं तर पंप ही शेवटची शंका असायला हवी. त्याच्याआधी तपासायच्या गोष्टींना फार खर्च येत नाही. फक्त त्या क्रमाने तपासाव्या लागतात.

लिफ्ट चालते कशी?

पंप तेल ओढतो आणि दाबाने पुढे ढकलतो. सीटजवळचा लिव्हर वर केला की कंट्रोल व्हॉल्व्ह हे तेल सिलिंडरमध्ये सोडतो. तिथला पिस्टन सरकतो आणि लिफ्टचे दोन्ही हात वर जातात. खाली येताना पंपाचं काम नसतं. व्हॉल्व्ह तेलाला परतीची वाट देतो आणि अवजार स्वतःच्या वजनाने उतरतं. दाब प्रमाणाबाहेर गेला तर तेल सोडून द्यायला रिलीफ व्हॉल्व्ह असतो.

ट्रॅक्टरमागे तीन ठिकाणी अवजार जोडायची पद्धत हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केली. नांगरावरचा ताण ओळखून हायड्रोलिकने खोली सांभाळायच्या पद्धतीचं पेटंट त्यांना १९२६ मध्ये मिळालं. आज गावोगावी दिसणाऱ्या ट्रॅक्टरांची लिफ्ट त्याच तत्त्वावर चालते. म्हणूनच सीटजवळ बऱ्याचदा दोन लिव्हर असतात. एक पोझिशनचा, म्हणजे अवजार किती उंचीवर ठेवायचं ते ठरवणारा. दुसरा ड्राफ्टचा, म्हणजे नांगरताना ताण सांभाळणारा.

पहिली तपासणी: हत्यार न लावता

* ड्राफ्टचा लिव्हर चुकीच्या जागी राहिला तर लिफ्ट नीट काम करत नाही. तो कुठे ठेवायचा हे मॉडेलनुसार बदलतं, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.
* ट्रॉली पलटी करण्यासाठी बाहेर तेल सोडणारा नॉब तसाच राहिला का ते बघावं. तेल तिकडे वळलेलं असेल तर लिफ्टला मिळणार नाही.
* बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत क्लच पूर्ण दाबला की लिफ्टचा पंपही थांबतो. त्यामुळे क्लच सोडून तपासावं.
* लिफ्ट वर जाते पण खाली येत नसेल, तर उतरण्याचा वेग ठरवणारा नॉब पूर्ण बंद झालेला असू शकतो.

दुसरी तपासणी: तेल

ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करावा, लिफ्ट खाली टेकवावी, इंजिन बंद करावं आणि मग पट्टी काढून पातळी बघावी. उतारावर घेतलेलं माप फसवं असतं. अनेक मॉडेलांत गिअरबॉक्स आणि लिफ्ट यांचं तेल एकच असतं, म्हणून हाताला लागेल ते तेल ओतलं तर नुकसान दोन्हीकडे होतं.

पातळीइतकाच तेलाचा रंगही महत्त्वाचा. फेस दिसला तर कुठून तरी हवा शिरते आहे. तेल दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात अतिवृष्टीने पूर आला, शेतं पाण्याखाली गेली. अशा पाण्यात उभा राहिलेला ट्रॅक्टर पाणी ओसरल्यावर लगेच चालू करू नये. इंजिन ऑईल, एअर फिल्टर, डिझेल आणि गिअरबॉक्सचं तेल आधी तपासून घ्यावं. दुधाळ तेल पूर्ण काढून, गाळणी साफ करून किंवा बदलून नवं तेल भरावं. वरून थोडं तेल वाढवून भागत नाही, कारण आत राहिलेलं पाणी पंप आणि बेअरिंगला गंज चढवतं.

तिसरी तपासणी: गाळणी

लिफ्ट हळू उचलते आणि पंपाजवळून कुंईकुंई आवाज येतो, म्हणजे पंपाला पुरेसं तेल मिळत नाही. जाळी गाळाने भरलेली असते, किंवा ओढणाऱ्या बाजूचा जोड ढिला होऊन हवा घेत असतो. अशा अवस्थेत काम रेटलं तर चांगला पंपही खराब होतो.

आता लक्षणांवरून दोष

अवजार वर उचलून इंजिन बंद करावं आणि दूर उभं राहून बघावं. ते भराभर खाली बसलं तर तेल आतल्या आत गळतंय. पिस्टनची ओ-रिंग, सिलिंडर किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह यांवर संशय जातो. इंजिन चालू असताना लिफ्ट हिसके देत वर-खाली होत असेल, तरी कारण बहुधा हेच. गळलेलं तेल पंप पुन्हापुन्हा भरत राहतो.

सकाळी उचलते आणि दुपारी तापल्यावर उचलत नाही, तर पंपाची किंवा सीलची झीज झालेली असू शकते. गरम तेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून निसटतं.

मोकळे हात उचलतात पण नांगर उचलत नाही, तर दाब कमी पडतोय. दोष पंपाचा की रिलीफ व्हॉल्व्हचा, हे प्रेशर गेज लावून ठरतं. गेज न लावता रिलीफ व्हॉल्व्ह आवळणं धोक्याचं, कारण वाढलेल्या दाबाने पाईप किंवा सिलिंडर फुटू शकतो.

जिवावर बेतणाऱ्या दोन चुका

उचललेल्या अवजाराखाली फक्त लिफ्टच्या भरवशावर कधीही जाऊ नये. काम करायचंच असेल तर खाली भक्कम ठोकळे लावावेत.

बारीक गळती हाताने चाचपू नये. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण आतलं मांस खराब होऊन बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठावा आणि तेल आत शिरल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

मिस्त्रीला काय सांगायचं?

"लिफ्ट चालत नाही" एवढंच सांगितलं तर खोलाखोल पंपापासून सुरू होण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी चार गोष्टी सांगाव्यात: बिघाड थंड असताना होतो की तापल्यावर, भार असताना की मोकळं, इंजिन बंद केल्यावर अवजार किती वेळात खाली येतं, आणि तेल शेवटचं कधी बदललं. हे सगळं पेरणीच्या महिनाभर आधी, उन्हाळ्यातच बघून ठेवलं तर वापसा आल्यावर ट्रॅक्टर शेतात असेल, गॅरेजात नाही.