हातच्या कांकणाला आरसा

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक प्रस्ताव आला. हायस्कूलमध्ये जाणाऱ्या आपल्या मुलांवर अभ्यासाचा, स्पर्धेचा आणि दोन संस्कृतींतल्या ओढाताणीचा ताण असतो. आईवडिलांशी ती मोकळेपणाने बोलत नाहीत. तेव्हा प्रत्येक मुलाला मंडळातला एक 'दादा' किंवा 'ताई' नेमून द्यावी, महिन्यातून दोनदा भेटी व्हाव्यात आणि उन्हाळ्यात एक शिबिर घ्यावं, अशी ती योजना होती. सर्वांनी ती उचलून धरली. मी एवढंच विचारलं, "याचा उपयोग झाला की नाही, हे आपल्याला कळणार कसं?" त्यावर आमचे एक ज्येष्ठ सभासद हसून म्हणाले, "अहो, हातच्या कांकणाला आरसा कशाला? मुलं हसतखेळत आली की समजायचं, उपयोग झाला!"

माझा व्यवसाय संख्याशास्त्राचा. माणसांच्या सवयी आणि मनःस्वास्थ्य सुधारण्यासाठी जे उपक्रम आखले जातात, त्यांची पारख करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तरीही त्या बैठकीत मला चटकन उत्तर देता आलं नाही. कारण त्याचं खरं उत्तर म्हणजे एक लांबलचक गोष्ट आहे आणि ती जवळजवळ आमच्यासारख्याच एका योजनेची आहे.

त्या गोष्टीचे नायक डॉ. रिचर्ड कॅबट. 1868 साली जन्मलेले, बॉस्टनचे नामवंत डॉक्टर आणि हार्वर्डचे प्राध्यापक. औषध देऊन रोग्याला घरी पाठवलं, पण घरात ओल आणि उपासमार असेल तर त्या औषधाचा काय उपयोग, या विचाराने त्यांनी 1905 साली मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये समाजसेविका नेमली. रुग्णालयीन समाजकार्याचा पाया तिथे घातला गेला. पण माणूस भावनेच्या भरात वाहून जाणारा नव्हता. 1912 साली त्यांनी तीन हजार शवविच्छेदनांच्या आधारे डॉक्टरांची निदानं किती वेळा चुकतात हे छापून प्रसिद्ध केलं. समव्यवसायिकांना ते किती झोंबलं असेल, याची कल्पना करावी! हाच आरसा त्यांनी पुढे समाजसेवकांपुढेही धरला. तुम्ही चांगलं काम करता हे ठीक, पण त्याचा परिणाम मोजता का, असा त्यांचा प्रश्न होता.

नुसतं विचारून ते थांबले नाहीत. बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांतल्या कामगारवस्त्यांमधून मुलगे निवडण्यात आले. काही शाळेला डोईजड झालेले, काही अगदी सर्वसाधारण. वय, बुद्धी, घरची परिस्थिती, वळण बिघडण्याची शक्यता असं सगळं पाहून सारख्यास सारख्या मुलांच्या 325 जोड्या लावल्या. मग नाणं उडवलं. छापा-काटा होऊन जोडीतल्या एकाला मदत मिळाली आणि दुसऱ्याची फक्त नोंद ठेवण्यात आली.

हे नाणं पुष्कळांना निष्ठुर वाटतं. पण त्यातच सगळं मर्म आहे. मुलं वाढतात, शहाणी होतात. बारा वर्षांचा द्वाड पोरगा विशीत आपोआप निवळतो. शिवाय माणसं मदतीला येतात ती बहुधा त्रास कळसाला पोचल्यावर, आणि कळसानंतर उतार असतोच. त्यामुळे 'आधी असं होतं, नंतर तसं झालं' एवढ्यावरून श्रेय कोणाला द्यायचं ते ठरत नाही. मदत मिळाली नसती तर काय झालं असतं, ते पाहायला तसाच दुसरा मुलगा हवा. आणि तो आपण मनाने निवडला तर नकळत आपला कल त्यात शिरतो. नाण्याला कल नसतो.

प्रत्यक्ष काम सुरू झालं 1939 साली. त्याच वर्षी कॅबट वारले, पण काम चालू राहिलं. सल्लागार सरासरी महिन्यातून दोनदा मुलांच्या घरी जात. अनेकांना शिकवणी मिळाली, शंभराहून अधिक मुलांना वैद्यकीय किंवा मानसोपचाराची मदत मिळाली आणि सुमारे चौथा हिस्सा मुलं उन्हाळी शिबिरांना गेली. महायुद्धामुळे माणसं कमी पडली, तेव्हा काही मुलांना वगळावं लागलं. 1945 साली योजना संपली त्या वेळी 253 जोड्या, म्हणजे 506 मुलं उरली होती. 1951 साली आलेल्या ग्रंथात निष्कर्ष असा निघाला की गुन्हेगारीच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. समर्थक म्हणाले, थांबा, चांगल्या बीजाला फळ उशिरा येतं.

फळ पाहायला गेल्या जोन मॅकॉर्ड. या बाई पुढे अमेरिकन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. 1970च्या दशकात त्यांनी त्या मुलांचा, म्हणजे आता पन्नाशीकडे झुकलेल्या पुरुषांचा, माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तरं पाठवली, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश जणांनी सांगितलं की योजनेचा आपल्याला फायदा झाला. आपल्या सल्लागारांची आठवण ते आपुलकीने काढत होते. कार्यकारिणी असती तर इथेच टाळ्या वाजवून आभारप्रदर्शनाचा ठराव झाला असता!

मॅकॉर्ड मात्र न्यायालयांचे, मनोरुग्णालयांचे, मृत्यूचे दाखले पाहत राहिल्या. 1978 साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं, त्याने या क्षेत्राला हादरा बसला. मदत मिळालेल्या गटाचं एकाही मोजमापात भलं झालेलं नव्हतं. उलट एकदा गुन्हा केलेल्यांमध्ये दुसऱ्यांदा गुन्हा करणारे याच गटात जास्त होते. दारूच्या व्यसनाची लक्षणं, गंभीर मानसिक आजार, ताणाशी निगडित विकार, लवकर आलेला मृत्यू, या सगळ्यांत याच गटाचं पारडं जड होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

असं का व्हावं? मॅकॉर्डबाईंनी काही शक्यता मांडल्या. मुलांना बाहेरच्या आधाराची सवय लागली असेल आणि तो एके दिवशी संपला असेल. योजनेने अपेक्षा उंचावल्या असतील आणि आयुष्याने त्या पुऱ्या केल्या नसतील. 'मला मदत लागते, म्हणजे माझ्यात काही खोट आहे', असंही मुलांना वाटलं असेल. पुढे 1999 साली त्यांनी सहकाऱ्यांसह पुन्हा आकडे तपासले, तेव्हा अधिक वाईट परिणाम एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिरांना पाठवलेल्या मुलांमध्ये आढळले. एकमेकांच्या सोबतीत खोड्यांना दाद मिळते आणि ती वाढत जाते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं गेलं. मी शिबिराची कलमं वाचताना चपापलो ते यासाठी.

मग काय, मदत करूच नये? मुळीच नाही. 1995 साली अमेरिकेतल्या 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या दादा-ताई योजनेची पारख झाली. आठ ठिकाणच्या 959 मुलामुलींपैकी चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्यांना लगेच जोडीदार शोधून देण्यात आला, उरलेल्यांनी अठरा महिने प्रतीक्षायादीवर थांबायचं होतं. जोडीदार लाभलेल्या मुलांमध्ये अमली पदार्थांना हात लावणाऱ्यांचं प्रमाण 46 टक्क्यांनी कमी होतं. तिथे स्वयंसेवकांची निवड, शिक्षण आणि देखरेख काटेकोर होती. म्हणजे कल्पना तीच, पण घडण वेगळी आणि फळही वेगळं.

घडण कशी करावी याचा धडा मला गोव्यात सापडतो. 1996 साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांनी नैराश्यावर काम सुरू केलं, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांनी गावातल्याच सर्वसाधारण माणसांना शिकवून समुपदेशक केलं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'मानस' या अभ्यासात 24 दवाखाने होते, निम्मे सरकारी, निम्मे खासगी. सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी सुमारे 66 टक्के रुग्ण सहा महिन्यांत सावरले, नसलेल्या ठिकाणी 42. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही, आणि तेही त्यांनी तितक्याच ठळकपणे छापलं. पुढची पद्धत आखताना आधी रुग्णांशी आणि समुपदेशकांशी बोलणं झालं. लोक 'डिप्रेशन' म्हणत नाहीत, 'टेन्शन' म्हणतात, म्हणून तोच शब्द घेतला. मग थोड्या रुग्णांवर वापरून चुका दुरुस्त केल्या आणि नंतरच मोठी चाचणी घेतली. 2017 साली तिचा निकाल आला. दहा आरोग्यकेंद्रांतल्या 495 रुग्णांपैकी सहा ते आठ बैठकींचं समुपदेशन मिळालेल्या गटात तीन महिन्यांनी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटात 39 टक्के.

या गोष्टी मी पुढच्या बैठकीत सांगितल्या. "आपल्याच मुलांवर प्रयोग?" असा आक्षेप आलाच. मी म्हटलं, प्रयोग आपण करतोच आहोत. प्रश्न एवढाच आहे की त्याची नोंद ठेवायची की नाही. नावं आली होती चाळीस आणि दादा-ताई होते वीस. निम्म्यांना थांबावं लागणारच होतं. मग वशिला किंवा घाई यांच्याऐवजी चिठ्ठ्या टाकू. थांबलेल्यांनाही सहा महिन्यांनी तेच प्रश्न विचारू आणि मग त्यांनाही जोडीदार देऊ. 'आवडलं का' एवढंच न विचारता झोप, शाळा, घरातलं बोलणं यांविषयी विचारू. आणि 'काही बिघडलं का' हेही विचारू. चाळीस मुलांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी व्यवसायाने जाणतो आणि तेही सांगितलं. पण मोठं नुकसान होत असेल तर त्याचा सुगावा वेळेवर लागेल. शिबिर तूर्त बाजूला ठेवण्यात आलं.

चिठ्ठ्या काढायचा मान कांकणवाल्या ज्येष्ठांनाच दिला. स्टीलच्या डब्यातून त्यांनी एकेक चिठ्ठी काढली. वीस झाल्या, डबा मिटला. त्यांच्या नातीचं नाव आत राहिलं होतं. ते क्षणभर डब्याकडे पाहत बसले, मग प्रतीक्षायादीवर स्वतःच्या हाताने पहिलं नाव तिचं लिहिलं आणि मला म्हणाले, "सहा महिन्यांनी तिला नीट विचारा हं."