४४३ पुढची चांदणी

आष्ट्याहून एका अंगाला सांगली, दुसऱ्या अंगाला कोल्हापूर. सांगलीत १९१५ साली विजय हजारे जन्मले, कोल्हापुरात १९१९ साली भाऊसाहेब निंबाळकर. हजाऱ्यांनी १९३९-४० च्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातलं ते पहिलं त्रिशतक. नऊ हंगामांनंतर पुण्यातच निंबाळकरांनी नाबाद ४४३ केल्या. हा आकडा रणजीत आजवर कुणालाही ओलांडता आलेला नाही. आमच्या भागात जुन्या माणसांत विषय निघाला, की ही हकिकत एका वाक्यात संपते : राजकोटच्या राजानं भाऊसाहेबांच्या नऊ धावा खाल्ल्या. या वाक्यात चूक नाही. पण भाऊसाहेबांचं नुकसान नेमकं कुठं झालं, हे त्यातून कळत नाही. म्हणून सगळे आकडे पुन्हा मांडून पाहिले.

सामना १६ डिसेंबर १९४८ ला पूना क्लबच्या मैदानावर सुरू झाला. निंबाळकरांना २९ वर्षं पूर्ण होऊन चार दिवस झाले होते. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राची सलामीची जोडी फुटल्यावर निंबाळकर आले, आणि भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकरांच्या २०५ झाल्या. तिसऱ्या दिवशी खेळ मध्यंतरासाठी थांबला तेव्हा फलकावर ४ बाद ८२६ होते आणि निंबाळकर ४४३ वर खेळत होते. डॉन ब्रॅडमनचा प्रथम श्रेणीतला विश्वविक्रम नाबाद ४५२ चा. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब पुढे खेळायला तयार झाले नाहीत. त्यांनी सामनाच सोडून दिला. असल्या विक्रमाशी आपल्या संघाचं नाव जोडलं जाऊ नये, असं त्यामागचं कारण सांगितलं जातं.

आता ब्रॅडमनचा डाव शेजारी ठेवू. जानेवारी १९३०, सिडनी, क्वीन्सलंडविरुद्ध न्यू साउथ वेल्स. ४५२ धावा, ४१५ मिनिटं, ४९ चौकार. निंबाळकरांच्या ४४३ धावांना ४९४ मिनिटं लागली. चौकार ४९, षटकार एक. चौकारांची संख्या दोघांची सारखीच. चौकार-षटकार वजा केले, तर ब्रॅडमननं २५६ धावा पळून काढल्या, निंबाळकरांनी २४१. ब्रॅडमनचा वेग जास्त, हे मान्य करायला हवं. पण मोठा फरक डावाच्या शेवटाचा आहे. दोघंही नाबाद राहिले. ब्रॅडमनचा डाव थांबवला तो त्याच्याच कर्णधारानं, विक्रम झाल्यानंतर. निंबाळकरांचा डाव प्रतिस्पर्धी कर्णधारानं थांबवला, विक्रमाच्या आधी.

यावर एक जुना आक्षेप आहे : त्या काळी पुण्यात धावा स्वस्त होत्या. तो उडवून लावता येत नाही. त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातल्या पुण्याच्या उपांत्य सामन्यात एकूण २,३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातला तो आजही उच्चांक आहे. गोल्फमध्ये अशा शंकेचं उत्तर खेळातच असतं. तिथं प्रत्येक होलसाठी अपेक्षित फटके आधीच ठरलेले असतात, त्याला ‘पार’ म्हणतात. शिवाय यूएस ओपनसारख्या मोठ्या स्पर्धेत त्या दिवशी सगळ्यांनी मिळून सरासरी किती फटके घेतले, याचाही हिशेब निघतो. त्यामुळे कुणी ७० फटक्यांत फेरी संपवली, तर ती अवघड मैदानावरची ७० की सोप्या मैदानावरची, हे लगेच कळतं. क्रिकेटच्या स्कोअरबुकात ‘पार’चा रकाना नाही. तो आपणच तयार करावा लागतो.

तो करून पाहिला. त्याच खेळपट्टीवर काठियावाडच्या अख्ख्या संघाच्या धावा २३८. महाराष्ट्राच्या ८२६ मधून निंबाळकरांच्या वजा केल्या, तर अवांतर धरून उरतात ३८३, त्याही चार गड्यांच्या मोबदल्यात. म्हणजे गोलंदाजी दुबळी होती आणि धावा बाकीच्यांनाही स्वस्तच पडल्या. तरीही संघाच्या निम्म्याहून अधिक धावा एकट्यानं, बाद न होता केल्या, हे उरतंच. आणखी नऊ धावांनी या मोजमापात काहीच बदललं नसतं. विक्रमही फार टिकला नसता. १९५९ मध्ये कराचीत हनीफ महंमदनं ४९९ केल्या, १९९४ मध्ये ब्रायन लारानं नाबाद ५०१.

मग नुकसान कुठं झालं? छापील धावफलकात ४४३ पुढे एक चांदणी असते. तिचा अर्थ नाबाद. डाव कुणी आणि का थांबवला, हे ती सांगत नाही. सरासरी काढताना धावांना बाद झालेल्या डावांनी भागतात, म्हणून चांदणी फलंदाजाच्या फायद्याचीच. निंबाळकरांच्या प्रथम श्रेणीतल्या धावा ४,८४१, सरासरी ४७.९३. ही सरासरी १०१ वेळा बाद झाल्याची आहे. तो एक डाव वगळला, तर ती ४३.५४ वर येते. म्हणजे हिशेबाच्या वहीत भाऊसाहेबांचं काहीच गेलेलं नाही. आणि ४३.५४ हा आकडाही कसोटीसाठी विचार व्हावा असाच आहे. पण भारताकडून ते एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. कसोटी न खेळलेल्या जगातल्या कुठल्याही फलंदाजानं प्रथम श्रेणीत याहून मोठी खेळी केलेली नाही. माझ्या मते खरं नुकसान हे आहे, आणि ते राजकोटच्या माथी मारता येत नाही. नऊ धावांच्या गोष्टीत आपण इतके रमलो, की निवड समितीला हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

ठाकोरसाहेबांच्या वाट्यालाही हवं होतं ते आलं नाही. काठियावाडातली संस्थानं त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत एका संघराज्यात विलीन झाली होती आणि पुढे त्या राज्याला सौराष्ट्र हे नाव मिळालं. क्रिकेटच्या नोंदींत मात्र काठियावाड टिकून आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊक असतो तो या एका सामन्यामुळे. खेळत राहिले असते, तर १९५९ नंतर तो संघ कुणाच्या फारसा लक्षात राहिला नसता. भाऊसाहेब ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात वारले. त्यांची खेळी रणजीच्या यादीत अजूनही पहिल्या ओळीवर आहे, आणि तिच्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून काठियावाड.