दारू, गुंज आणि आप्पांचं माप

परवा दिवाळीच्या साफसफाईत राहात्याच्या घरातल्या फडताळात एक पितळी नळी सापडली. अंगठ्याएवढी, एका बाजूने बंद, कडेला छोटासा कान, त्यात काळी पडलेली सुतळी. आमच्या चिरंजीवांना वाटलं खेळण्यातला पेला असेल. मला मात्र ती बघताक्षणी ओळखू आली. हे आमच्या आप्पांचं, म्हणजे आजोबांचं, दारूचं माप.

गैरसमज नको. माळकरी माणूस होता. ही दारू म्हणजे बंदुकीची.

(आमच्या भागात हा घोटाळा नेहमीचाच. 'कारखाना' म्हटलं की साखर कारखाना, आणि त्याच्या शेजारी मळीपासून मद्यार्क काढणारी डिस्टिलरी. त्यामुळे लहानपणी 'खडकीचा दारूगोळा कारखाना' हे शब्द ऐकले तेव्हा तिथे दारू आणि गोळ्या दोन्ही बनवतात अशी माझी प्रामाणिक समजूत होती. दारू हा शब्द फारसीतला, तिथे त्याचा मूळ अर्थ औषध. तो आपल्याकडे येऊन एकदम दोन वाटांनी बिघडला.)

आप्पांकडे ठासणीची बंदूक होती. पीकरक्षणाचा परवाना. तेव्हा आमचा बराचसा पेरूचा बाग, कडेला ऊस. पेरूला पोपट, उसाला रानडुकरं. ठासणीच्या बंदुकीचं काम असं : नळीच्या तोंडातून मापाने काळी दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. मागे कानावर टोपी बसवायची. सगळा खेळ त्या मापाचा. कमी पडली तर छर्रे दहा पावलांवर सांडतात, जास्त झाली तर… त्याबद्दल पुढे सांगतो.

माप हाती आलं तसं डोक्यात भुंगा शिरला की यात मावतं किती? दारू तर आता नाही (आणि नसलेलीच बरी). मग पाणी भरून आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. तो हसला, पण त्याने काचेच्या पेटीतल्या काट्यावर तोलून दिलं. तोलताना डोक्यावरचा पंखा बंद केला, पेटीची काच खाली ओढली, आधी आपलं ठरलेलं वजन ठेवून काटा खरा आहे ना ते पाहिलं. पाणी भरलं पाच ग्रॅमच्या थोडं वर. काळी दारू साधारण पाण्याइतकीच किंवा किंचित हलकी भरते, म्हणजे पाच ग्रॅम धरा. जुन्या हिशेबात पाच मासे.

मासा म्हणजे आठ गुंजा, बारा मासे म्हणजे तोळा. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे ११.६६ ग्रॅम. (हल्ली सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, ती वेगळी गंमत.) तेव्हा मासा १५ ग्रेनचा आणि गुंज दोन ग्रेनहून थोडी कमी. बंदुकीची दारू जगभर अजूनही बरेच लोक ग्रेनमध्येच मोजतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. त्यांचा दाणा, आपली गुंज. सोनं तोलायची आणि गोळी भरायची मापं दोन्हीकडे एकाच घरातली निघाली.

आता जरा इतिहासात शिरतो, कारण नगरकराला दारूचा इतिहास लांब शोधायला जावं लागत नाही. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली ओतली गेली ती अहमदनगरात, निजामशाहीच्या पदरी असलेल्या तुर्की कारागिराच्या हातून. आणि १५९६ च्या फेब्रुवारीत शहजादा मुरादच्या मोगली फौजेने नगरच्या किल्ल्याच्या तटाखाली सुरुंग खणून दारू ठासली, तेव्हा मोगलांच्याच छावणीतल्या ख्वाजा मुहम्मद खान शिराझीने ती बातमी रात्री किल्ल्यात पोचवली. चांदबिबीच्या माणसांनी आतून उलटं खणत जाऊन दोन सुरुंगांतली दारू काढून घेतली. आणखी एकाचा शोध चालू असतानाच मोगलांनी बत्ती दिली. तटाचा सुमारे पन्नास यार्डांचा भाग उडाला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, बुरखा घेऊन तलवार हाती धरून ती खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा चढली. पण मला नेहमी ते अंधारात हातांनी दारू उपसणारे लोक आठवतात. नाव एकाचंही माहीत नाही.

सुरुंगात दारू पोत्यांनी भरतात, तिथे शेर-दोन शेर इकडेतिकडे झाले तरी चालतं. शिपायाच्या हातातल्या बंदुकीचं तसं नाही. पाऊस, धूर, आरडाओरडा, समोरून घोडदळ येतंय, अशा वेळी मापाने दारू ओतणं म्हणजे दिव्यच. युरोपात मग शिपायांच्या छातीवरच्या पट्ट्याला छोट्या लाकडी नळ्या टांगल्या जाऊ लागल्या, प्रत्येकीत एका बाराची दारू. पुढे कागदाची पुडी आली, म्हणजे काडतूस : दारू आणि गोळी एकत्र, मोजून, घरूनच बांधून आणलेली. पुडी फाडायची, ओतायची, ठासायची.

हो, तेच ते काडतूस. १८५७ म्हटलं की आपण चरबीवर थांबतो आणि ते बरोबरच आहे. पण त्या एन्फील्डच्या पुडीत अडीच ड्रॅम, म्हणजे साधारण ६८ ग्रेन दारू असे. आपले साडेचार मासे. आप्पांच्या मापाच्या अगदी जवळ! त्या पुडीचा खरा हेतू मोजण्याचं काम लढणाऱ्याच्या थरथरत्या हातातून काढून शांत खोलीतल्या माणसाच्या हाती देणं हा होता. उठाव मोडल्यावर १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने लोकांच्या घरातल्या बंदुकांवर परवान्याचं कुलूप पडलं. आज खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे आहे. तिकडे भुसावळजवळ वरणगावला लहान हत्यारांच्या गोळ्या होतात, तर भंडाऱ्याला स्फोटक दारू. त्याच भंडाऱ्याच्या कारखान्यात २४ जानेवारी २०२५ ला स्फोट होऊन आठ कामगार गेले. शांत खोलीतही हे काम तसं शांत नसतंच.

पुडी आली तरी एक चूक तिला टाळता आली नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ साली गेटिसबर्गच्या रणांगणावर २७ हजारांच्या वर बंदुका गोळा झाल्या. त्यातल्या सुमारे २४ हजार भरलेल्या निघाल्या, आणि त्यांतल्या निम्म्यांत दोन-दोन बार एकावर एक ठासलेले. एकीत तर तेवीस! गोंधळात आपला बार उडाला की नाही हेच कळलं नाही, म्हणून माणूस पुन्हा भरत राहिला.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू काढली आणि सगळं गणित बदललं. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर काजळी-राख होऊन उरतो. ती दुबळी, म्हणून क्षमाशील. नवी दारू तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त जोर करते आणि कण कसे आहेत त्यावर जळण्याचा वेग ठरतो. जुन्या सवयीने जुन्याच मापाने ती भरणाऱ्यांच्या बंदुका फुटल्या. पिस्तुलाच्या गोळीत तर ती चिमूटभरच लागते, पाच ग्रेनच्या आसपास, म्हणजे पावणेतीन गुंजा. १८९८ चं .३८ स्पेशल काडतूस मुळात काळ्या दारूसाठी ऐसपैस घडवलेलं. त्यात ही चिमूट तळाशी हरवून जाते आणि चुकून दुसऱ्यांदा पडली तरी वरून कळत नाही. जिथे परवानगी आहे तिथे रिकामी पितळी काडतुसं पुन्हा भरणारे लोक म्हणून जे नियम पाळतात, ते वाचताना मला आमचा सराफच दिसतो. काटा आधी ठाऊक वजनाने तपासायचा. पंखा बंद. टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा. दारू बनवणाऱ्याने छापलेल्या तक्त्याबाहेर जायचं नाही. आणि गोळी बसवण्याआधी सगळी काडतुसं एका रांगेत उभी करून दिव्याखाली प्रत्येकात डोकावून पाहायचं, सगळ्यांची पातळी एकसारखी आहे ना. मध्येच कोणी हाक मारली तर तो घाणा पुन्हा पहिल्यापासून. (आपल्याकडे १९५९ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि राही सरनोबतसारखे नेमबाज पंचवीस मीटरला ज्या .२२ च्या गोळ्या वापरतात त्या पुन्हा भरताही येत नाहीत. तेव्हा हे फक्त माहितीसाठी.)

असो. आता ते राहिलेलं सांगतो.

आप्पांचे धाकटे भाऊ, आमचे नाना, यांच्या डाव्या हाताला अंगठा आणि त्याशेजारचं बोट नव्हतं. लहानपणी आम्हाला सांगितलं होतं की उसाच्या चरकात गेलं. पुढे कॉलेजात असताना आजीने एकदा भाकरी थापता थापता खरं सांगून टाकलं. १९६० च्या आसपासची गोष्ट. दिवेलागणीला उसात डुकरं शिरल्याची हाळी आली, नाना धावत घरात आले, कोपऱ्यातली बंदूक उचलली, घाईघाईत मापाने दारू ओतली, ठासली आणि निघाले. बार काढला तशी नळी डाव्या हाताजवळच फाटली.

"नानांनी दोनदा भरली होय?" मी विचारलं.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "नाही रे. एकदाच. आधीची यांनीच भरून ठेवेल होती. दुपारी. अन् सांगायचं राहिलं."

आप्पा त्यावर कधी बोलले नाहीत, नानाही नाहीत. दोघे शेवटपर्यंत एकाच वाड्यात राहिले, एकाच ताटाशी बसले. पण नवी बंदूक आली तेव्हा आप्पांनी तिच्या गजावर चाकूने एक खाच पाडून घेतली. रिकाम्या नळीत गज सोडला की खाच बरोबर तोंडाशी यायची. वर राहिली तर समजायचं आत काहीतरी आहे. मला आठवतं, घरातून निघताना, परत आल्यावर, नुसती कोपऱ्यातून उचलली तरी, ते आधी गज आत सोडायचे आणि वाकून खाच बघायचे. आम्हाला तो म्हाताऱ्याचा चाळा वाटायचा. आम्ही नक्कलही करायचो.

आप्पा गेल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, गजासकट. माप तेवढं राहिलं. आजीने ते फडताळात का ठेवलं ते तिला विचारायचं राहूनच गेलं. चिरंजीवांना ते पेन ठेवायला हवं होतं. मी दिलं नाही. सध्या माझ्या टेबलावर आहे, पालथं.