वैशाखातला हिशोब

आमचं गाव लातूर-नांदेडच्या शिवेवर, मन्याडच्या खोऱ्यात. वर बरड माळ, खाली नाल्याकाठी काळी. वाटणीत बाला खालचं वावर आलं आन् चुलत्याला माळ. गावात आजवर आलेल्या योजनांचा हिशोब मी या वाटणीपासूनच मांडतो. कारण सरकारच्या कागदावर आम्ही दोघंही 'अल्पभूधारक'. पाण्याच्या बाबतीत मात्र आमच्यात जमीन-अस्मानाचा फरक.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आय आधी रस्त्यावर खडी फोडायची. मग माळाच्या कडेला पाझर तलावाचं काम निघालं, तिथं माती वाहू लागली. लाल मिलोची भाकर आन् कामावर मिळणारी सुकडी, यावर आमचं वरीस निघालं. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर आली. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ साली सगळ्या देशासाठी कायदा झाला, त्याची वाट महाराष्ट्रानंच दाखवली होती.

त्या कामाचं मोजमाप सोपं होतं. मस्टरवर नाव, हप्त्याला पगार आन् घरात चूल पेटली की योजना पावली. तलाव हा वरचा नफा. पण हातानं झालेल्या त्या कामात माळावर बांधही पडले. माती थांबली, चुलत्याच्या बरडावर तूर बरी यायला लागली. पुढं डागडुजी कुणी केली नाही. बांध फुटले, तलाव गाळानं भरला. बांधायला पैसा मिळतो, सांभाळायला मिळत नाही, हे मी तिथं पहिल्यांदा पाहिलं.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं. दरवर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची, असं ठरलं होतं. सूत्र होतं 'माथा ते पायथा': आधी वर चर-बांध, मग खाली नाला. पण पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही सगळ्यांनी नाला खोलीकरणच मागितलं. पोकलेन दिसतं, खड्डा दिसतो, फोटो निघतो. बांधबंदिस्ती डोळ्यात भरत नाही. मीही हात वर केला. माझी विहीर नाल्याकाठी होती ना!

चुलतभाऊ उठून म्हणाला, "दादा, पाणी वरून येतंय आन् तुमी काम खालून चालू करायलाव."

लोक हसले. मीही हसलो.

मी दर अक्षय तृतीयेला दोरीला दगड बांधून विहिरीचं पाणी मोजतो आन् वहीत लिहितो. २०१६ ला विहीर कोरडी होती. त्याच एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून रेल्वेनं लातूर शहराला पाणी आणावं लागलं होतं. २०१७ ला मात्र दोन परस पाणी भरलं. गाव म्हणालं, योजना पावली. पण मधल्या पावसाळ्यात पाऊसही दणकून झाला होता, ते कुणी बोललं नाही. पाणी पाहून मी ऊस लावला. शेजाऱ्यांनी बोअर पाडले. आपल्या वावराखाली काळा खडक. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आन् खडकाच्या भेगांत, तेवढंच. २०१८ ला पाऊस हटला आन् २०१९ च्या वैशाखात दगड कोरडाच वर आला.

सप्टेंबर २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. नऊ हजार सहाशे कोटींवर खर्च होऊनही भूजल वाढवण्यात अभियान कमी पडलं, असा त्याचा सूर. मला नवल वाटलं नाही. तरी सगळा पैसा वाया गेला, असं मी म्हणणार नाही. दोन वर्षं माझी जनावरं दारात पाणी प्याली. पण ते पाणी माळावर चढलं नाही.

चुलतभावाला सव्वा एकर. 'मागेल त्याला शेततळे' आलं, त्यात किमान दीड एकराची अट. अट नसती तरी तीस बाय तीस मीटरच्या तळ्यात नऊ गुंठे जातात. पन्नास गुंठेवाल्यानं मग पेरावं कुठं? दसरा झाला की तो कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. पाणी आलं तेव्हा मी ऊस लावला. तो दुसऱ्याचा ऊस तोडत राहिला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. योजनेचा हिशोब मार्चअखेरच्या कागदावर करू नका. वैशाखात या, पाऊस कमी झालेल्या वर्षी या, आन् पहिल्यांदा माळावरच्या सव्वा एकरात जा. तिथं घोटभर पाणी वाढलं असेल तर योजना पावली म्हणा.

आता जलयुक्तचा दुसरा टप्पा आलाय. परवाच्या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उठून म्हणालो, "यंदा पहिली कुदळ माळावर पडू द्या." दोघा-तिघांनी मान हलवली. ज्याच्यासाठी बोललो तो मात्र सभेला नव्हता. सव्वीस जानेवारीला तो उसाच्या फडात असतो.