पर्यटन संकेतस्थळे, ऑन्टॉलॉजी आणि म्हैसूर

म्हैसूर : कर्नाटकातील ज्या शहराला मराठी माणूस ‘म्हैसूर’ म्हणतो, त्याचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘मैसूरु’ असे आहे. दोन्ही नावे एकाच शहराची, हे वाचकाला सहज कळते; संगणकाला मात्र ते नोंदवून द्यावे लागते. वस्तू, त्यांचे प्रकार, गुणधर्म आणि परस्परसंबंध यांच्या अशा नियमबद्ध मांडणीस संगणकशास्त्रात ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. शब्द मूळचा तत्त्वज्ञानातला. टॉम ग्रुबर यांनी १९९३ मध्ये केलेली त्याची व्याख्या संगणकक्षेत्रात प्रमाण मानली जाते. अशा मांडणीसाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००४ मध्ये ‘ओडब्ल्यूएल’ या भाषेला मान्यता दिली.

पर्यटन संकेतस्थळांना तिचा उपयोग प्रवाशागणिक वेगळा सल्ला देण्यासाठी होतो. बहुसंख्यांनी काय पाहिले, एवढ्यावरच विसंबणारी यंत्रणा प्रत्येकाला १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या अंबाविलास राजवाड्याकडेच पाठवते. ऑन्टॉलॉजीत स्थळाबरोबर प्रवाशाचेही वर्णन असते. चामुंडी टेकडीवर जाण्यास सुमारे एक हजार पायऱ्या आहेत आणि मोटाररस्ताही आहे. सोबत वृद्ध आईवडील असल्याची नोंद असेल, तर यंत्रणा रस्ताच सुचवते. प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असते, राजवाड्यावरील रोषणाई रविवारी असते. मुक्कामाचे वार पाहून दिवसांची आखणी होते. दसऱ्याचा प्रश्न थोडा अवघड, कारण तो आश्विनातील तिथींनुसार येतो आणि त्याची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते.

या सोयीसाठी वय, प्रकृती, आहार अशी माहिती प्रवाशाला द्यावी लागते. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या भारतीय कायद्याने अशा माहितीच्या वापरासाठी संमतीला मध्यवर्ती स्थान दिले आहे.

खरी कसोटी नोंदींच्या अचूकतेची. चित्रकलेची आवड सांगणाऱ्या प्रवाशाला ही यंत्रणा जगन्मोहन राजवाड्यातील कलासंग्रह सुचवील. तेथील ‘ग्लो ऑफ होप’ हे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध जलरंगचित्र सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. तथापि अनेकजण ते राजा रविवर्मा यांचेच समजतात. त्याच संग्रहात रविवर्म्यांचीही चित्रे असल्याने या गैरसमजाला वाव मिळतो. ‘चित्रकार’ या संबंधापुढे चुकीचे नाव नोंदले गेले, तर नियम निर्दोष असूनही रविवर्म्यांच्या चाहत्याला हे चित्र त्यांचे म्हणून दाखवले जाईल आणि हळदणकरांच्या चित्रांचा शोध घेणाऱ्या मराठी रसिकाला म्हैसूरचे नावही दिसणार नाही.