हिवतापाची औषधे आणि न झालेली नोंद : प्रायमाक्वीनच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

भारतातील हिवताप नियंत्रणाचा इतिहास बहुधा रुग्णसंख्येच्या चढउतारांतून सांगितला जातो. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप होतो व सुमारे ८ लाख मृत्यू होतात, असा अंदाज होता. १९६५ मध्ये रुग्णसंख्या सुमारे १ लाखावर आली आणि १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. या आकडेवारीत एका प्रश्नाला मात्र स्थान नव्हते : औषध घेतल्यानंतर त्या माणसाचे काय झाले? प्रस्तुत लेखात प्रायमाक्वीन या औषधाच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

औषध आधी, देखरेख नंतर

हिवतापाचे औषध डॉक्टरांशिवाय खेड्यात पोहोचवण्याची कल्पना जुनी आहे. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेऱ्यांतून क्विनीनच्या पुड्या एका पैशाला विकल्या जाऊ लागल्या. कानात आवाज येणे, ऐकू कमी येणे हे क्विनीनचे परिणाम वैद्यकाला परिचित होते. परंतु पुडी विकणारा टपाल कर्मचारी विक्रीचा हिशेब ठेवणारा होता, रुग्णाची विचारपूस करणारा नव्हता. वितरण आणि देखरेख यांतील ही फारकत पुढील काळातही टिकून राहिली.

प्रायमाक्वीनचा धडा

व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापाचे परोपजीवी यकृतात सुप्त राहतात व ताप पुन्हा उद्भवतो. तो रोखण्यासाठी जर्मनीत १९२० च्या दशकात पामाक्वीन तयार झाले. मध्य अमेरिकेतील फळबागांवरील मजुरांना ते दिले असता काहींच्या तांबड्या रक्तपेशी फुटून लघवी काळसर झाल्याचे १९२६ मध्येच नोंदवले गेले. त्याच कुळातील प्रायमाक्वीनचा अभ्यास पुढे अमेरिकेत इलिनॉय राज्यातील तुरुंगात कैद्यांवर झाला. या दुष्परिणामामागे जी-६-पीडी या विकराची आनुवंशिक कमतरता असल्याचे १९५६ मध्ये स्पष्ट झाले. भारतात पारशी समाजात आणि अनेक आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते. हिवतापाचे प्रमाण जेथे अधिक, तेथेच ती अधिक आढळावी, हा योगायोग नाही. ही कमतरता हिवतापापासून काही अंशी संरक्षण देते, असे मानले जाते.

राष्ट्रीय कार्यक्रमातील नोंदी

१९५८ मध्ये नियंत्रण कार्यक्रमाचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. सर्वेक्षण कर्मचारी ठरावीक अंतराने घरोघर जाऊन तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना घेई व गृहीतोपचार म्हणून क्लोरोक्वीन देई. नमुन्यात परोपजीवी आढळल्यास समूळ उपचारात प्रायमाक्वीन दिले जाई. १९७७ च्या सुधारित योजनेनंतर औषध वाटप केंद्रे व ताप उपचार केंद्रे यांमुळे वितरणात गावातील स्वयंसेवकही सहभागी झाले.

तपासलेले रक्तनमुने, दूषित नमुने आणि दर हजारी रुग्ण हे कार्यक्रमाचे प्रमुख निर्देशांक होते. औषधाचा दुष्परिणाम हा त्यांपैकी एकही नव्हता. शिवाय तो ओळखणेही सोपे नव्हते. फिकटपणा, कावीळ, अशक्तपणा ही लक्षणे हिवतापातही दिसतात. त्यामुळे औषधाचा दोष रोगाच्या माथी जाण्याची शक्यता मोठी होती. व्हायवॅक्ससाठी भारतात दीर्घकाळ ५ दिवसांचाच उपचार दिला जात असे. तो अपुरा ठरल्याने पुढे १४ दिवसांचा स्वीकारला गेला. उपचाराचे दिवस वाढले, तशी देखरेखीची जबाबदारीही वाढली.

औषधदक्षतेची वाटचाल

थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेनंतर १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या दुष्परिणामांची आंतरराष्ट्रीय नोंद सुरू केली. भारत त्यात १९९८ मध्ये सहभागी झाला. भारताचा सध्याचा औषधदक्षता कार्यक्रम २०१० चा आहे. त्याची केंद्रे प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत, तर हिवतापाचा रुग्ण गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातील दुर्गम पाड्यावर असतो. २००५ नंतर आशा कार्यकर्तीच्या रूपाने या दोहोंमधील दुवा प्रथमच उपलब्ध झाला. लघवी काळसर झाल्यास किंवा डोळे पिवळे दिसल्यास प्रायमाक्वीन थांबवून डॉक्टरांकडे जावे, ही सूचना रुग्णापर्यंत पोहोचवण्यास गावात तिच्याइतके जवळचे कोणी नाही.

नोंदीचे मोल आफ्रिकेतील एका उदाहरणावरून ध्यानात येते. क्लोरप्रोग्वानिल-डॅप्सोन हे तेथील हिवतापासाठी विकसित केलेले संयुक्त औषध २००३ मध्ये मान्य झाले. पुढील चाचण्यांत रुग्णांचे हिमोग्लोबिन काटेकोरपणे तपासले गेल्यामुळेच जी-६-पीडीची कमतरता असलेल्यांना होणारा अपाय पुराव्यानिशी दिसला आणि २००८ मध्ये औषध मागे घेण्यात आले. केवळ गोळ्यांची मोजदाद झाली असती तर हे घडले नसते.

समारोप

प्रायमाक्वीनचा धोका १९५६ पासून ज्ञात होता. उणीव ज्ञानाची नव्हती. ते गावातील नोंदवहीपर्यंत पोहोचले नाही, ही उणीव होती. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळालेले टॅफेनोक्वीन एकाच मात्रेत द्यावयाचे असून शरीरात दीर्घकाळ राहते. प्रायमाक्वीनची उद्याची गोळी थांबवता येते. टॅफेनोक्वीनची घेतलेली मात्रा परत घेता येत नाही. म्हणून अशा औषधांबाबत आधी तपासणी व नंतर विचारपूस या दोन्ही गोष्टी वितरणाचाच भाग मानाव्या लागतील. आशाच्या नोंदवहीत 'औषध दिले' या रकान्याशेजारी 'त्यानंतर प्रकृती कशी होती' हा रकाना असणे, ही या इतिहासाची किमान अपेक्षा आहे.